पाचव्या महिन्यात थांबलेलं युद्ध

माझा धाकटा भाऊ दात करायचा. डॉक्टर नव्हता तो. दात काढायचं काम डॉक्टरांचं, काढलेल्याच्या जागी नवे करून द्यायचं काम ह्याचं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला जिन्याखाली एक अरुंद खोली होती. एक खिडकी, एक लांब टेबल, घासायची मोटर, प्लॅस्टरची बादली आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. एकोणचाळीस वर्षं तो त्या खोलीत बसला. शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं, पण त्यातल्या एकालाही तो ठाऊक नव्हता. कवळी तोंडात बसवायचे डॉक्टर, त्यामुळे शाबासकी डॉक्टरांना. टोचली तर मात्र डॉक्टर म्हणायचे, "थांबा, मागच्या माणसाला सांगतो." आम्ही घरातही त्याला चेष्टेनं 'मागचा माणूस' म्हणायला लागलो. तो हसायचा. त्याला चालतं, असं मी धरून चालले. असं बरंच काही मी धरून चालले.

तो संथ होता. चहा घेतोस का विचारलं तरी विचार करायचा. खरंच करायचा, आव आणत नसे. त्याची बायको तीन वर्षांनी बॅग भरून निघाली तेव्हा माझ्याकडे येऊन म्हणाली, "वन्सं, माणूस सोन्यासारखा आहे. पण मी विचारते एका खोलीत आणि ह्याचं उत्तर येईपर्यंत मी दुसऱ्या खोलीत पोचलेली असते. किती दिवस असं चालायचं?" मी तिला थांब म्हणाले नाही. मला तिचं पटलं होतं. मी स्वतः चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. चाळीस मिनिटांत एक साम्राज्य उभं करून पाडायचं असतं. संथ माणसं मला सोसत नाहीत.

माझे यजमान गेल्यावर तो माझ्याकडे राहायला आला. मागची खोली त्याला दिली. सामान काय आणलं? दोन बॅगा, एक टेबललॅम्प आणि कवळ्या ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डब्या. निळ्या, गुलाबी, पांढऱ्या, शंभर तरी असतील. मला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं की काय, लोकांचे दात घरी घेऊन आला! उघडून बघते तर आत चाकं. पंखे. बोटाच्या पेराएवढी इंजिनं. चमच्यात मावतील असे वैमानिक, काही बसलेले, काही उभे.

"हे काय आहे?"

"उरलेलं," तो म्हणाला.

त्याला विमानांची मॉडेलं जुळवायचा नाद होता. खऱ्या विमानापेक्षा बहात्तर पट लहान, प्लॅस्टिकचं किट मिळतं, ते कापायचं, घासायचं, चिकटवायचं, रंगवायचं. तरुणपणापासूनचा नाद. एका किटमध्ये एकाच विमानाच्या दोन-तीन तऱ्हांचे भाग दिलेले असतात. तुम्ही एक तऱ्हा करता, बाकीचे भाग उरतात. बाकीचे लोक ते फेकून देतात. ह्यानं चाळीस वर्षांत एक चाक फेकलं नाही.

"ह्याचं करणार काय तू?"

तो विचारात पडला. मी भांडी आवरली, ओटा पुसला, परत आले तेव्हा म्हणाला, "बघू."

मग दवाखान्यात कवळ्या कोरून तयार करणारं यंत्र आलं आणि मागच्या माणसाची गरज संपली. डॉक्टरांनी त्याला एक घड्याळ दिलं. त्याच सुमाराला त्याला दिसायला त्रास व्हायला लागला. डोळ्याच्या पडद्याचा आजार. ह्याला आधी मधलंच दिसेनासं झालं, कडेचं तेवढं दिसत राहिलं. माझ्याकडे बघायचं असलं की तो माझ्या कानाच्या पलीकडे बघायचा. तपासणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की एक वर्ष, फार तर दीड. बारीक काम नंतर जमणार नाही.

घरी आला आणि त्यानं सगळ्या डब्या जमिनीवर मांडल्या.

उरलेल्यातून एक विमान करायचं ठरवलं होतं त्यानं, कुठल्याही किटमध्ये नसलेलं. खाली-वर दोन पंख असलेलं, जुन्या काळातलं. मी म्हटलं, असं विमान कोणी बनवलं होतं? तो म्हणाला, "नव्हतं बनवलं. पण बनवलं असतं." आणि मग, चक्क न अडखळता, त्यानं मला त्या विमानाचा इतिहास सांगितला. त्याला सलग इतकं बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

ते असं. पहिलं महायुद्ध पाचव्या महिन्यात थांबलं. पहिल्याच हिवाळ्यात दोन्हीकडचे सैनिक खंदकातून बाहेर आले आणि परत आत गेलेच नाहीत. तह झाला. आता दोन्हीकडच्या कारखान्यांत अर्धवट विमानं पडून. एकाकडे इंजिनं, पंख नाहीत. दुसऱ्याकडे पंख, इंजिनं नाहीत. मग एका दातांच्या डॉक्टरनं दोन्ही कारखान्यांना पत्र लिहिलं की तुमचं उरलेलं मला द्या. ह्याचं इंजिन, त्याचे पंख, तिसऱ्याचं शेपूट. त्यातून त्यानं डोंगरातल्या वस्त्यांवर जाणारं विमान बनवलं. पुढे वैमानिक, मागे दात बघायची खुर्ची. कुठल्याही कुरणात उतरायचं, लोकांचे दात बघायचे, उडून जायचं. युद्ध नसल्यामुळे वेगाची घाई कुणालाच नव्हती, म्हणून पुढची तीस वर्षं दोन पंखांचीच विमानं चालली.

"दातांचाच डॉक्टर का?" मी विचारलं.

"दात सगळ्यांचे दुखतात, ताई. दोन्हीकडच्यांचे."

मी हसले. इतिहासात 'जर' ला जागा नसते, हे मी मुलांच्या वह्यांत लाल शाईनं हजारदा लिहिलं असेल. त्यालाही म्हटलं. तो म्हणाला, "हो. पण हे माझं युद्ध आहे."

सव्वा वर्ष तो त्या विमानाला बसला. एका किटचा पंख दुसऱ्या किटच्या धडाला बसत नाही, मध्ये फट राहते. ती तो कवळीच्या गुलाबी मसाल्यानं भरायचा आणि घासून सपाट करायचा. पंखांमधल्या तारांसाठी प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरायचा, मऊ झाली की दोन्ही हातांनी ओढायचा. केसासारखा धागा निघायचा. हे सगळं मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं. एकेक तार लावायला दोन-दोन दिवस. मी दारातून म्हणायची, "झालं का?" तो म्हणायचा, "होईल." पंखावर हिरव्या गोलात पांढरा दात रंगवला होता, त्या डॉक्टरचं चिन्ह. एवढा लहान केल्यावर तो दात कुठला दिसायला, नुसता पांढरा ठिपका.

सुंदर झालं होतं विमान. मला त्यातलं काही कळत नाही, पण तळहातावर घेतलं की श्वास रोखला जायचा, एवढं कळत होतं.

आमच्या इथे मॉडेलवाल्यांचं एक मंडळ आहे. वाचनालयाच्या वरच्या सभागृहात दर दोन वर्षांनी त्यांचं प्रदर्शन भरतं. हा तीस वर्षं ते बघायला जायचा, कडेला उभा राहायचा, आणि परत यायचा. स्वतःचं कधी मांडलं नाही. ह्या वेळी म्हणाला, "ताई, हे मांडायचं." कारण मला कळत होतं. पुढच्या प्रदर्शनापर्यंत त्याला काहीच दिसणार नव्हतं. ज्यांना ह्यातलं कळतं त्यांनी त्याचं एक काम बघावं, आणि बघणारी तोंडं त्यालाही दिसावीत, कडेकडेनं का होईना, एवढीच इच्छा. त्या माणसानं माझ्याकडे दुसरं काहीही कधी मागितलं नाही.

फॉर्म त्याला वाचता येईना, म्हणून भरायचं काम माझं. सोबत दोनशे शब्दांचं कार्ड द्यायचं होतं, विमानाच्या माहितीचं. तो सांगणार, मी टाइप करणार. एका दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो.

"बोल."

"युद्ध पाचव्या महिन्यात थांबलं."

"पुढे."

"..."

"अरे, पुढे बोल ना. मला अजून दुकानात जायचंय."

"सैनिक बाहेर आले."

"का आले?"

"कंटाळा आला त्यांना."

"कंटाळा आला म्हणून युद्धं थांबत नसतात, शहाण्या. थांबत असती तर मला चौतीस वर्षं शिकवायला काही उरलं नसतं."

तो हसला आणि सांगत राहिला. आता डॉक्टर कोण, वैमानिक कोण, पहिल्या वस्तीवर विमान उतरलं तेव्हा काय झालं, ते सांगतो म्हणाला. तेवढ्यात दाराची बेल वाजली. मी उठले, शेजारीण होती, तिच्याशी दहा मिनिटं बोलले. परत आले तर हा रिकाम्या खुर्चीला सांगतच होता. मी म्हटलं, "बस झालं, दोनशेच शब्द चालतात."

फॉर्मवर तीन चौकोन होते. ऐतिहासिक, आधुनिक, कल्पित. मी मंडळाची जुनी पुस्तिका काढून पाहिली. कल्पित विभागात काय होतं? अवकाशयानं. सहा पायांचा रणगाडा. पहिलं बक्षीस एका नऊ वर्षांच्या मुलीला. एवढ्या वयाच्या माझ्या भावाचं काम त्या सहा पायांच्या रणगाड्याशेजारी ठेवायचं? लोक गालात हसतील. मी ऐतिहासिकच्या चौकोनात खूण केली. आणि ऐतिहासिक म्हटल्यावर कार्डही तसंच हवं. मी पाचव्या महिन्याचं चौथं वर्ष केलं. सैनिकांचा कंटाळा काढून टाकला. दातांचा डॉक्टर काढला. जखमींची ने-आण करणारं विमान, असं लिहिलं, युद्धाच्या सनावळ्या घातल्या, त्या अगदी अचूक. माझ्या सनावळ्या कधी चुकत नाहीत.

मी फसवतेय असं मला वाटलं नाही. त्याचं काम मोठ्यांच्या टेबलावर जावं, एवढंच मनात होतं. शिवाय कार्ड कोण वाचतं?

"भरला फॉर्म. दिला पाठवून," मी म्हटलं.

"वाचून दाखवतेस?"

"तूच तर सांगितलंस. पुन्हा काय वाचायचं त्यात?"

तो थोडा वेळ माझ्या कानापलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

प्रदर्शनाच्या दिवशी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. डॉक्टरांनी दिलेलं घड्याळसुद्धा घातलं, वेळ दिसत नव्हती तरी. सभागृहात लांबलचक टेबलं, पांढरी चादर, प्रत्येक मॉडेलपुढे कार्ड. आमचं विमान ऐतिहासिकच्या टेबलावर मधोमध. तो टेबलाच्या मागे खुर्चीवर बसला, हात मांडीवर, मान तिरकी.

परीक्षक दोघे होते. एक विमानतळावरून निवृत्त झालेले मेकॅनिक, उंच, खणखणीत आवाजाचे. दुसरे मंडळाचे चिटणीस, चष्म्याचं दुकान चालवणारे. मेकॅनिक भिंग घेऊन वाकले. बराच वेळ वाकलेले होते. मी आनंदानं भावाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिले. मग त्यांनी कार्ड वाचलं आणि पुन्हा विमान पाहिलं.

"काका, तारा तुम्ही ओढल्यात?"

"हो."

"हाताला तोड नाही तुमच्या. पण अभ्यास कमी पडला हो! हे इंजिन एका बाजूचं, पंख शत्रूचे. शत्रूनं काय वाढदिवसाला भेट दिले?" मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. "शेपूट तिसऱ्याच विमानाचं. हे हिरवं चिन्ह तर कुठल्याच सैन्याचं नाही. आणि मागची बंदूक? चौथ्या वर्षात बंदुकीशिवाय कोण उडत होतं? बंदूक विसरलात तुम्ही."

माझा भाऊ म्हणाला, "चौथ्या वर्षात?"

"हे काय, तुमच्याच कार्डावर आहे."

"वाचता का जरा?"

चिटणिसांनी वाचलं. सगळं, शेवटपर्यंत. माझी वाक्यं होती. घोटीव, एकही चूक नसलेली. तो ऐकत होता आणि मी त्याच्या खुर्चीच्या मागे उभी होते. त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं: कार्ड मी बदललं, ह्याचं विमान वेगळं आहे. वर्गात साठ मुलांना एका शब्दात गप्प करणाऱ्या मला ती दोन वाक्यं जमली नाहीत. मला भर सभागृहात खोटं पडायचं नव्हतं. दुसरं काही कारण नाही, शोधूनही सापडलं नाही.

"बरोबर आहे," माझा भाऊ परीक्षकांना म्हणाला. "बंदूक राहिली."

आम्ही बसनं परत निघालो, तो खिडकीशी. विमानाचं खोकं मांडीवर होतं. बसमध्ये मीच सुरुवात केली, "अरे, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"हो ना."

"कल्पितमध्ये लहान मुलांची खेळणी असतात रे. तुझं काम तिथे..."

"तुझं बरोबर आहे, ताई. युद्ध चार वर्षं चाललं."

चिडला असता तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. त्यानं अबोलाही धरला नाही. फक्त एक बदल झाला, तो माझ्या लक्षात यायला आठवडा गेला. तो पटकन उत्तर द्यायला लागला. चहा घेतोस? हो. खिडकी उघडू? नको. जेवायला वाढू? वाढ. विचार न करता, लगेच. जन्मभर मी त्याच्या मागे लागले होते की लवकर बोल. आता तो बोलत होता, आणि मला घरात बसवेना.

मी नाना प्रकारे प्रयत्न केला. समोर वही घेऊन बसले. "पुन्हा सांग सगळं. एक अक्षर बदलणार नाही. मंडळाला मी पत्र लिहिते, माझी चूक होती म्हणून."

"नको."

"का नको?"

"आठवत नाही."

"असं कसं आठवत नाही? सव्वा वर्ष तू तेच..."

"नाही आठवत, ताई."

आठवत होतं. मला माहीत आहे. मागच्या खोलीत तो विमानावरून बोटं फिरवायचा, एकाही तारेला धक्का न लावता, आणि ओठ हलत असायचे. मी दारात आले की थांबायचे. सहा-सात महिन्यांत त्याच्या डोळ्यांची कडही गेली. आणि पुढच्या वर्षी एका दुपारी खुर्चीतच तो गेला. घोटभर पाणी मागितलं होतं. आणेपर्यंत संपलं होतं.

ह्या वर्षी पुन्हा प्रदर्शन होतं. मी चष्म्याच्या दुकानात जाऊन चिटणिसांना काय घडलं ते सांगितलं, सगळं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखतच. ते म्हणाले, "बाई, इतकं मनाला लावून घेऊ नका." मी म्हटलं, "किती लावून घ्यायचं ते मी बघते. तुम्ही कल्पित विभागात जागा देता का सांगा." त्यांनी दिली.

कार्ड लिहायला बसले तेव्हा खरी अडचण कळली. दोनशे शब्द चालतात, माझ्याकडे शंभरसुद्धा नव्हते. युद्ध थांबलं, ते आहे. सैनिकांना कंटाळा आला, ते आहे. इंजिन ह्याचं, पंख त्याचे, दात सगळ्यांचे दुखतात, घाई नव्हती. पुढचं तो शेजारीण आली तेव्हा बोलला, आणि ते फक्त त्या खुर्चीनं ऐकलं. डॉक्टरचं नाव नाही. पहिली वस्ती कुठली, नाही. जागा मोकळी राहिली तशी राहू दिली. भर घालायचा मोह झाला नाही असं नाही. मला तर पाच मिनिटांत डॉक्टरचं अख्खं घराणं रचता आलं असतं.

कल्पितच्या टेबलावर एका बाजूला डोंगराएवढी अवकाशनौका होती. तिच्या मालकिणीनं, शाळकरी मुलीनं, माझं कार्ड दोनदा वाचलं आणि वडिलांना ओढून आणलं. मग ते उंच मेकॅनिक आले. तेच. त्यांनी आधी कार्ड वाचलं, मग भिंग काढलं.

"म्हणजे बंदूक नव्हतीच."

"नव्हती."

"आणि पंख शत्रूचे..."

"शत्रू उरला नव्हता. तह झाला होता."

त्या खणखणीत माणसाचा आवाज एकदम उतरला. "मी त्यांना म्हणालो, अभ्यास कमी पडला."

"तुम्ही समोरचं कार्ड वाचून म्हणालात. कार्ड माझं होतं."

ते पुन्हा वाकले. विमानातली खुर्ची पाहिली, हिरव्या गोलातला ठिपका भिंगाखाली धरून म्हणाले, "दात आहे हा!" मग खालच्या पंखाशी आले आणि थांबले. तिथे, पंखाच्या मुळाशी, एक बाई उभी आहे. नखाएवढी. कुठल्याशा रेल्वेच्या किटमधली उरलेली असणार. एका हातानं तिनं पंखाची तार धरलीय.

"ही कोण? पहिली पेशंट? की डॉक्टरांची कोणी?"

त्याची बायको असेल. मी असेन. वस्तीवरची कोणी असेल, दाढ दुखणारी. तिन्हींपैकी कुठलंही मी ठामपणे सांगितलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती.

"त्यानं सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी टेबलाच्या मागच्या खुर्चीवर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत आणखी चौघांनी तेच विचारलं.